मराठीच्या वहीतून स्पॅनिश

माद्रिदच्या कुआत्रो कामिनोस भागात मेर्कादो माराबियास नावाची मोठी मंडई आहे. तिथल्या फळांच्या गाळ्यापुढे रांग नसते. पाच-सहा बायका पिशव्या घेऊन इकडेतिकडे उभ्या असतात, कुणी फोनवर बोलत, कुणी टोमॅटो निरखत. नवख्या माणसाला वाटतं, इथे ज्याचा आवाज मोठा त्याचा नंबर आधी. तसं मुळीच नाही. प्रत्येकीला आपला नंबर पक्का ठाऊक असतो, कारण आल्या आल्या तिने विचारलेलं असतं, ‘क्येन एस ला उल्तिमा?’ शेवटची कोण? एखादी ‘यो’ म्हणते, म्हणजे मी. तिचा चेहरा लक्षात ठेवायचा, तिच्यानंतर आपण. आणि पुढची बाई येऊन विचारील तेव्हा ‘यो’ म्हणायचं काम आपलं.

२०१९ च्या सप्टेंबरमध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे मी सांगलीहून इथे आले. पहिले पंधरा दिवस त्या गाळ्यापुढे नुसती उभी राहायचे आणि मागून आलेल्या बायका भाजी घेऊन निघून जायच्या. मोबाइलवरच्या ॲपने मला ‘हत्ती दूध पितो’ शिकवलं होतं. हा प्रश्न मात्र वर्गातल्या बाईंनी शिकवला, तोही पुस्तक मिटून, तास संपता संपता. म्हणून परदेशात राहून स्पॅनिश शिकणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते की जिथे राहता तिथला, समोरासमोर बसायचा वर्ग गाठा. आणि दुसरी गोष्ट, जी मला कुणीच सांगितली नव्हती: वर्गात बसताना डोक्यातलं इंग्रजी बाजूला ठेवा आणि मराठी पुढे घ्या. स्पॅनिश मराठीवरून फार लवकर कळते. ते कसं, हे खाली सविस्तर लिहिते.

वर्ग कुठला घ्यायचा

माझी पहिली निवड चुकली. सोल चौकाजवळच्या एका खासगी क्लासला तीन महिन्यांचे पैसे एकदम भरले. एका वर्गात आठच जण असतील असं सांगितलं होतं, निघाले पंधरा. शिक्षक सगळं व्याकरण इंग्रजीतून समजावायचे. सहा आठवड्यांत मला स्पॅनिश काळांची इंग्रजी नावं पाठ झाली, पण औषधाच्या दुकानात तोंड उघडेना. उरलेले पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हा खासगी क्लास घ्यायचाच असेल तर आधी एक तास फुकट बसू देतात का ते विचारा. वर्गात जास्तीत जास्त किती जण असतील आणि मध्येच सोडलं तर पैशांचं काय, हे लेखी घ्या. आणि समजावून सांगायची भाषा कोणती ते बघा. पहिल्या दिवसापासून स्पॅनिशच असेल तर उत्तम. आठवडाभर काही कळत नाही, मग हळूहळू कान उघडतात.

मला खरा उपयोग झाला तो सरकारी वर्गांचा. स्पेनमध्ये ‘एस्कुएला ओफिथिआल दे इदिओमास’ नावाच्या सरकारी भाषाशाळा आहेत. त्यांतली सगळ्यात जुनी माद्रिदमध्ये १९११ साली सुरू झाली. आजही हेसुस माएस्त्रो या रस्त्यावर ती आहे आणि तिथे परदेशी लोकांना स्पॅनिश शिकवतात. फी खासगीपेक्षा खूपच कमी. मात्र प्रवेशाच्या तारखा ठरलेल्या असतात आणि जागा भराभर भरतात, म्हणून वसंतातच वेबसाइटवर लक्ष ठेवा. पहिली फेरी हुकली तर सप्टेंबरात शिल्लक जागा निघतात का ते बघा.

दुसरा पर्याय प्रौढ शिक्षण केंद्रांचा. त्यांना इथे सगळे ‘थेपा’ म्हणतात. बहुतेक वस्त्यांमधून अशी केंद्रं आहेत आणि परदेशातून आलेल्यांसाठी स्पॅनिशचे वर्ग फुकट असतात. माझ्या वर्गात मोरोक्कोच्या दोघी, बांगलादेशातला एक स्वयंपाकी, युक्रेनची एक नर्स आणि चीनमधून आलेलं एक जोडपं होतं. सगळ्यांना येईल अशी दुसरी कुठलीच भाषा नव्हती, त्यामुळे चहाच्या सुट्टीतही स्पॅनिशच बोलावी लागे. इंग्रजी जाणणाऱ्यांनीच भरलेला वर्ग मिळाला की आपण आपोआप इंग्रजीत शिरतो. म्हणून वर्ग निवडताना सोबत कोण आहे हेही बघावं.

नावनोंदणीला पासपोर्ट किंवा इथलं परदेशी ओळखपत्र आणि नगरपालिकेत पत्ता नोंदवल्याचा दाखला, ज्याला ‘पाद्रोन’ म्हणतात, जवळ ठेवा. घर मिळाल्याबरोबर पाद्रोन करून टाका. स्टुडंट व्हिसावर भाषा शिकायला येणार असाल तर आठवड्याला किमान २० तासांचा अभ्यासक्रम लागतो, आणि संस्थेला इन्स्टिट्यूट सर्व्हांतेस या स्पेनच्या सरकारी भाषासंस्थेची मान्यता आहे का, हे पैसे भरायच्या आधी तपासा. व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून दूतावासाच्या ताज्या यादीवरच भरवसा ठेवा.

प्रवेशाआधी ‘प्रुएबा दे निबेल’ म्हणजे पातळीची चाचणी होते. ए१ पासून सी२ पर्यंत सहा पातळ्या. आपल्याकडच्या शिकलेल्या माणसाला इंग्रजी शब्दांच्या ओळखीमुळे स्पॅनिश वाचायला सोपी जाते आणि कागदावर त्याचे गुण चढतात. माझंही तसंच झालं, मला थेट ए२ मध्ये बसवलं. पण शिक्षिका बोलायला लागल्या की मला सुरुवात आणि शेवट एवढंच कळे. चौथ्या दिवशी मी स्वतः सांगून ए१ च्या वर्गात गेले. त्यात कमीपणा काही नाही. कान ज्या पातळीवर आहेत तोच आपला वर्ग.

वही

आता मुख्य गोष्ट. एक वही घ्या, पानाच्या मधोमध रेघ ओढा. डावीकडे स्पॅनिश वाक्य, उजवीकडे मराठी. इंग्रजीला या वहीत जागा नाही.

वर्गात माझ्या शेजारी एक इंग्रज मुलगा बसायचा. ‘मला कॉफी आवडते’ हे वाक्य त्याच्या गळी उतरायला महिना लागला, कारण त्याच्या भाषेत आवडण्याचा कर्ता माणूस असतो. तो ‘यो गुस्तो’ म्हणे आणि बाई पुन्हा पुन्हा सुधारत. स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल काफे’. ‘मे’ म्हणजे मला. आणि आंबे असतील तर ‘मे गुस्तान लोस मांगोस’. मला आंबे आवडतात. क्रियापद आंब्यांच्या मागे गेलं, हुबेहूब मराठीसारखं. मी ते ऐकलं आणि वहीत लिहून टाकलं, त्यात समजून घ्यायला काही नव्हतंच. ‘मे दुएले ला काबेथा’, डोकं दुखतंय. ‘मे पारेथे के’, मला वाटतं की. ‘मे फाल्ता उन एउरो’, मला एक युरो कमी पडतोय.

याच घरातलं आणखी एक. हातातून पेला पडला तर स्पॅनिश माणूस म्हणतो, ‘से मे काय्यो एल बासो’. माझ्या हातून पेला पडला. पेलाच पडला, माझ्या हातून, एवढंच. विसरलं तरी तसंच, ‘से मे ओल्बिदो’, माझ्याकडून विसरलं.

मराठीतल्या ‘ला’, ‘ना’ प्रत्ययांचंही तसंच. ‘बेओ ला कासा’ म्हणजे मी घर बघते. यातला ‘ला’ आपला प्रत्यय नव्हे, स्त्रीलिंगी नामाआधी लागणारा स्पॅनिश शब्द. पण ‘बेओ आ ला प्रोफेसोरा’, मी बाईंना बघते. निर्जीव वस्तूला काही नाही, माणसाला मात्र ‘आ’. या ‘आ’वर पुस्तकात दोन पानं होती. मराठी माणसाला एक ओळ पुरते.

भूतकाळ हा सगळ्यांचा अडलेला घाट. स्पॅनिशमध्ये साधे भूतकाळ दोन, आणि कुठला कुठे वापरायचा यावर वर्गात वाद होत. मला तो उलगडला एका निबंधातून. बाईंनी ‘एक आठवण’ असा विषय दिला. मी सांगलीच्या पुरावर लिहायला बसले. त्याच ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं होतं आणि मला इथे येऊन तीनच महिने झाले होते, दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. आधी सगळं मराठीत लिहिलं. ‘पाणी चढत होतं. आम्ही वरच्या मजल्यावर गेलो. लाइट गेली. आई देवापुढे बसून होती. होडी पहाटे आली.’ मग एकेक वाक्य स्पॅनिशमध्ये नेलं. चढत होतं, ‘सुबीआ’. गेलो, ‘सुबिमोस’. बसून होती, ‘एस्ताबा सेन्तादा’. आली, ‘येगो’. जिथे मराठीत ‘-त होतं’ किंवा ‘-यचो’ येतं तिथे एक काळ, जिथे ‘गेलो, आली’ येतं तिथे दुसरा. लहानपणी आम्ही दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जायचो, ‘इबामोस’. एकदा गेलो, ‘फुइमोस’. इतकं सरळ.

आणि लाइट गेली? मी अडखळत बाईंना हातवारे करून सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘से फुए ला लुथ’. शब्दाला शब्द, दिवा निघून गेला. आमच्याकडेही लाइट जातेच, मी म्हटलं. त्यांनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला. आईचं वाक्य आलं तेव्हा त्या थांबल्या, आणि मोरोक्कोच्या मैत्रिणीने माझा हात धरला. परक्या देशात घरचं काही नीट सांगता आलं, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

बी१ च्या वर्गात ‘सुबखुन्तिबो’ म्हणजे इच्छा, शंका सांगणारं क्रियापदाचं रूप सुरू झालं की अर्धा वर्ग घाबरतो. तुम्ही ‘-आवं’ आठवा. ‘तू यावंस असं मला वाटतं’, ‘किएरो के बेंगास’. ‘पाऊस पडावा’, ‘ओखाला युएबा’. ‘तू जेवावंस म्हणून’, ‘पारा के कोमास’. जिथे मराठीत ‘-आवं’ येतं तिथे बहुतेकदा हेच रूप. काही ठिकाणी मराठी सोबत येत नाही. ‘तू येशील तेव्हा’ याला मराठीत भविष्यकाळ, स्पॅनिशमध्ये मात्र हेच रूप, ‘क्वान्दो बेंगास’. ‘तो येईल असं वाटत नाही’ याचंही तसंच. ही अपवादांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर वेगळी ठेवा.

छोट्या जोड्याही लिहून ठेवा. ‘पारा’ म्हणजे साठी, ‘पोर’ म्हणजे मुळे किंवा वरून. तुझ्यासाठी, ‘पारा ती’. तुझ्यामुळे, ‘पोर ती’. रस्त्यावरून, ‘पोर ला काये’. आणि ‘लो’ म्हणजे आपलं नपुंसकलिंगी ‘ते’. ‘लो के दिथेस’, तू म्हणतेस ते.

पण मराठी सगळीकडे पुरत नाही, हेही सांगायला हवं. ‘आहे’ला इथे दोन क्रियापदं आहेत, ‘सेर’ आणि ‘एस्तार’, आणि मराठीतला एकच ‘आहे’ दोघांचं काम करतो. सूप थंड झालंय, ‘एस्ता’. बर्फ थंड असतो, ‘एस’. ‘झालंय’ आणि ‘असतो’ असा फरक करून पाहिला तर थोडी वाट सापडते, सगळी नाही. ते ऐकून ऐकूनच बसतं. लिंगाची कल्पना आपल्याला नवी नाही, चांगला-चांगली म्हणायची सवय आहेच. पण लिंगं जुळत नाहीत. आपलं नाक नपुंसक, इथे ‘ला नारिथ’ स्त्रीलिंगी. म्हणून शब्द कधी एकटा पाठ करू नका, ‘एल’ किंवा ‘ला’ लावूनच करा.

तोंड आणि कान

उच्चारात आपण नशीबवान. स्पॅनिशचे त आणि द दातांवरचेच, आपल्यासारखे. फक्त इंग्रजीची सवय आड येते आणि ‘तोमाते’चं आपण ‘टोमाटे’ करतो. इंग्रजी शब्द म्हणून काहीही उच्चारू नका, देवनागरीत लिहा आणि वाचा. ‘एच’ मुका, म्हणून नमस्काराचा ‘होला’ नव्हे, ‘ओला’. ‘बी’ आणि ‘व्ही’चा उच्चार एकच.

देवनागरी फसवते ती दोन ठिकाणी. ‘ग्राथियास’ म्हणजे धन्यवाद, त्यातला थ आपला थ नव्हे. जीभ दातांमध्ये हलकी ठेवून हवा सोडायची. हा उच्चार स्पेनच्या बहुतेक भागात आहे. मेक्सिको, कोलंबिया, अर्जेंटिना अशा देशांत गेलात तर तिथे सरळ ‘स’ म्हणा. आणि ‘खामोन’ (डुकराचं खारवलेलं मांस) यातला ख घशातून खरवडल्यासारखा. राहिला ‘र्र’. ‘पेरो’ म्हणजे पण, ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. चिनी जोडप्याला त्याचा फार त्रास झाला. आपण लहान मूल पडलं की ‘अर्रर्र’ म्हणतो ना, तोच र. तो म्हणून बघा, मग त्याआधी ‘पे’ जोडा.

आघाताकडे मात्र लक्ष द्या, कारण मराठीत आपण त्याचा विचारच करत नाही. ‘आब्लो’ सुरुवातीला जोर देऊन म्हटलं तर मी बोलते, शेवटी जोर दिला तर तो बोलला. वहीत जोराच्या अक्षराखाली रेघ मारा. आणि एक जपून: मेट्रोमध्ये फोनवर ‘काका’ अशी हाक मारलीत तर आजूबाजूची मुलं वळून बघतील. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ शी.

‘तू’ दोन्ही भाषांत ‘तू’च आहे. पण इथे दुकानदारालाही तू म्हणतात आणि शिक्षकालाही. साठीच्या बाईंना तू म्हणायला माझी जीभ वळेना. मी ‘उस्तेद’ म्हणत राहिले, ते आपल्या ‘तुम्ही’च्या जागेचं. त्यांनीच दोन-तीनदा सांगितल्यावर बदललं. वयस्कर शेजाऱ्यांना मी आजही उस्तेद म्हणते आणि त्यांना ते आवडतं.

वर्गाबाहेरचे तास

१४ मार्च २०२० ला स्पेनमध्ये टाळेबंदी लागली. शाळा तर आधीच बंद झाल्या होत्या. बाई आठवड्यातून दोनदा आवाजाच्या फाइली पाठवायच्या, पण तोंड उघडायला कुणी नव्हतं. रोज रात्री आठला सगळे बाल्कनीत येऊन डॉक्टर-नर्सेससाठी टाळ्या वाजवत. समोरच्या इमारतीत, माझ्या बरोबर समोर, ऐंशीच्या पुढच्या एक आजी राहतात. टाळ्या संपल्या की आम्ही पाच मिनिटं बोलायचो, मग दहा. आज काय जेवलात, पाय दुखतो का, मुलाचा फोन आला का. रस्त्याच्या रुंदीवरून ओरडून बोलायचं, त्यामुळे पुटपुटणं शक्यच नव्हतं. जे बोलायचं ते मी दुपारी वहीत लिहून ठेवायचे आणि रात्री म्हणायचे. तीन महिन्यांत वर्गात झालं नसतं एवढं बोलणं त्या बाल्कनीत झालं.

ती सोय रोज कुणाला मिळणार? पण त्यातली युक्ती घेता येते: रोज एकच माणूस, एकच वेळ, आधी तयार केलेली चार वाक्यं. पावाच्या दुकानातली बाई, इमारतीचा पोर्तेरो म्हणजे रखवालदार, शाळेच्या फाटकावरची दुसरी आई, कुणीही चालेल. ‘इन्तेर्काम्बियो’ म्हणजे भाषेची देवाणघेवाण करायची तर घड्याळ लावा, अर्धा तास इंग्रजी, अर्धा तास स्पॅनिश, नाहीतर पूर्ण तास इंग्रजीत जातो. सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड फुकट मिळतं. तिथे ‘लेक्तुरा फाथिल’ म्हणजे सोप्या भाषेतली पुस्तकं मागा. लहान मुलांच्या पुस्तकांपेक्षा ती बरी, कारण विषय मोठ्यांचे असतात.

परीक्षा

नोकरीसाठी किंवा नागरिकत्वासाठी दाखला लागला तर सर्व्हांतेसची ‘देले’ परीक्षा आहे. तिची मुदत संपत नाही. ए२ च्या पातळीला वाचन-लेखन एका गटात, ऐकणं-बोलणं दुसऱ्या गटात, दोन्हींत ५० पैकी किमान ३० हवेत. म्हणजे वाचनाच्या जोरावर बोलण्याची बाजू झाकता येत नाही. नागरिकत्वासाठी ए२ पुरते, पण भारतीयांना सर्वसाधारणपणे १० वर्षांचं वास्तव्य लागतं. सोबत स्पेनच्या राज्यघटनेवर आणि समाजजीवनावर २५ प्रश्नांची आणखी एक परीक्षा असते, त्यातले १५ बरोबर यावे लागतात. माझ्या ओळखीच्या फिलिपिनो मैत्रिणीला दोनच वर्षं लागली, त्यांच्या देशासाठी नियम वेगळा आहे.

ए२ च्या तोंडी परीक्षेत फोटो दाखवून वर्णन करायला सांगतात. त्यासाठी रोज मोबाइलमधला एक फोटो काढा आणि दोन मिनिटं मोठ्याने बोला. मी घरचे फोटो घेतले. आयर्विन पूल, गणपतीचं देऊळ, आजोळचं अंगण. अंगणातल्या तुळशीवृंदावनाला स्पॅनिश शब्द शोधत बसू नका. ‘घरातले लोक रोज जिला पाणी घालतात ती झाडाची जागा’ असं सांगता आलं की परीक्षकाला हवं ते मिळतं.

वहीबद्दल एक राहिलं. इथे दुकानात बहुतेक चौकटींच्या वह्या मिळतात. माझी पहिली एकरेघी वही सांगलीहून आणलेली, ती पुराच्या निबंधापाशी संपली. पुढच्या सगळ्या चौकटींच्या. देवनागरीच्या वेलांट्या आणि मात्रा त्या चौकटींत ऐसपैस बसतात, आणि जोराच्या अक्षराखाली रेघ मारायला खालची चौकट मोकळी सोडता येते.